साथीत बाईला विचारतं कोण?

(भेडाघाट, जबलपूर येथील भाषणाचा मजकूर)



आपण बरेच जण घरातले पहिले पदवीधर. दवाखान्याचा कागद वाचायला घरचे आपल्यालाच बोलावतात. म्हणून आज त्या कागदावरच्या संमतीबद्दल बोलते.

1897 साली पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग समितीचे गोरे शिपाई घरात घुसून बायकांना तपासत. लोक संतापले, ते रास्तच होतं. पण चर्चा झाली ती घराण्याच्या अब्रूची आणि विटाळाची. त्या बाईची इच्छा ना सरकारने विचारली, ना घरच्या पुरुषांनी. त्याच साली हडपसरजवळ सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर आणलं आणि 10 मार्चला त्या प्लेगनेच गेल्या. रोग्याला माणूस मानणारी सेवा तेव्हाही शक्य होती.

आता 2020 आठवा. बस बंद, रेल्वे बंद. भेडाघाटहून जबलपूरचं मेडिकल कॉलेज गाठायला ज्याच्याकडे ना गाडी, ना ओळख, त्याने काय करायचं? एप्रिलमध्ये केंद्राने बाळंतपण आणि सुरक्षित गर्भपात अत्यावश्यक सेवांत धरले. तरी कोविडचा रिपोर्ट नाही म्हणून देशात अनेक गरोदर बायकांना दारातून परत पाठवलं गेलं. गर्भपाताला तेव्हा 20 आठवड्यांची मर्यादा होती. लॉकडाऊन वाढत गेला, पोटातले आठवडे थांबले नाहीत.

लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं, गरोदर बायकांसाठी मात्र 2 जुलैला. चाचण्यांत त्यांना घेतलं नव्हतं. मग माहिती अपुरी म्हणून लसही नाही. धोका पत्करायचा की नाही, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

म्हणून दोन गोष्टी पाठ असू द्या. गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. आणि तातडीच्या वेळी जीव वाचवणं सरकारी, खाजगी दोन्ही डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

कुणी परत पाठवलं, तर कारण लेखी मागा. अंगठा घेण्याआधी कागद तिच्या बोलीत वाचून दाखवा. ती 'नको' म्हणाली, तर तेही लिहून घ्यायला लावा. आपल्या पदवीचा एवढा उपयोग वस्तीला व्हायलाच हवा.

जय भीम!