पहिला पोचा

ज्या घरांत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मोटार चालविण्याचा परवाना नुकताच मिळाला आहे, त्या घरांतील वडील माणसांशीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मुलगा गाडी घेऊन बाहेर पडला, कीं बाप वर्तमानपत्र वाचण्याचें सोंग करतो आणि आई वाळत घातलेले कपडे पाहण्यासाठीं तीन वेळां गॅलरींत जाते. मग फोन वाजतो. पलीकडून आवाज येतो, "बाबा, मी ठीक आहे, पण..." त्या 'पण'नंतर जें येतें, तोच आजचा विषय.

मोठ्या अपघातांविषयीं मी बोलणार नाहीं. त्यांचें दुःख निराळें. मी बोलतों आहे तें फाटकाला घासलेल्या दाराविषयीं आणि मागें घेतांना खांबावर आपटलेल्या बंपराविषयीं. असे पोचे पडतात कां? परवान्यासाठीं मूल यंत्र शिकतें. गाडीची रुंदी तें मागाहून शिकतें. आपल्याकडे चालक उजव्या अंगाला बसतो. उजवी कड त्याला दिसते, डावी कड मात्र अंदाजानेंच ओळखावी लागते, आणि अंदाज हा सरावाखेरीज येत नाहीं. शिवाय नवशिक्याची नजर गाडीच्या नाकासमोरच खिळलेली असते. दूरवर पाहून पुढचें ताडण्याची संवय पुष्कळ फिरल्यावर लागते. तेव्हां पोचा पडला म्हणजे मूल बेफिकीर आहे, असें लगेच धरून चालूं नये.

कांहीं देशांतील कायद्यानें ही गोष्ट ओळखली आहे. न्यूझीलंडनें १९८७ सालीं परवाना टप्प्याटप्प्यानें देण्याची पद्धति घातली. तेथें मधल्या टप्प्यावरील चालकाला रात्रीं १० ते पहाटे ५ पर्यंत एकट्यानें गाडी चालवितां येत नाहीं, आणि शेजारीं जाणता चालक नसेल तर मित्रमंडळी भरून नेतां येत नाहींत. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, जेथें आपलीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत, २०१० सालापासून एकवीस वर्षांखालील नवशिक्यांच्या गाडीच्या पाटीवर तांबडी खूण लावावी लागते. आपल्याकडे शिकाऊ परवाना संपून पक्का हातीं आला, कीं मधली पायरी नाहीं. ती पायरी घरांतल्यांनींच बांधावयाची आहे. पहिले कांहीं महिने रात्रीची व पावसांतली गाडी आपल्या सोबतीनें चालवावी, एवढा नियम घालण्यास कोणाची हरकत नसावी.

पैशाचें थोडक्यांत सांगतों. लहान ओरखड्यासाठीं विम्याकडे धांव घेण्यापूर्वीं हिशेब करावा. १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीला दुरुस्तीचे पहिले १००० रुपये बहुधा आपल्यालाच भरावे लागतात. आणि मागणी केली, कीं मागणी न केल्याबद्दल हप्त्यांत मिळणारी सूट जाते. ही सूट पहिल्या वर्षानंतर शेंकडा २० असते व पांच वर्षांनीं ५० पर्यंत चढते. गॅरेजमध्यें मात्र मुलालाच पाठवावें. दर त्यानेंच विचारावा, तीन दिवस बसनेंहि त्यानेंच जावें.

आतां माझ्या घरची हकीकत. मुलाच्या हातून पहिला पोचा पडला तेव्हां त्यानें तात्काळ फोन केला. मीं विचारलें, "गाडीला किती लागलें?" त्याच्या आईनें माझ्या हातून फोन घेतला आणि विचारलें, "तुला लागलें नाहीं ना रे? आणि समोरच्याला?" प्रश्नांचा क्रम तिचा बरोबर होता, हें मला तेव्हां कळलें नाहीं. मी पुढें आठ दिवस जेवणाच्या ताटावर व्याख्यानें देत राहिलों.

दुसऱ्या खेपेस फोन आलाच नाहीं. चौथ्या दिवशीं गाडी पुसतांना डाव्या अंगावर मला निळ्या रंगाचा पट्टा दिसला. विचारलें तेव्हां मुलानें सांगितलें, कीं कर्वे रस्त्याच्या आंतल्या एका गल्लींत उभ्या स्कूटरला धक्का लागून ती पडली. त्यानें ती उचलून ठेवली, तिचा आरसा फुटला होता, आणि तो निघून आला. "थांबला कां नाहींस?" मीं विचारलें. तो म्हणाला, "बाबा, स्कूटरवाल्याची भीति नव्हती वाटली. तुमची वाटली."

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १३४ वें कलम असें, कीं दुसऱ्याच्या मालमत्तेची हानि झाली तर जवळ पोलीस नसल्यास चालकानें चोवीस तासांच्या आंत पोलीस ठाण्यांत खबर द्यावी. ते चोवीस तास केव्हांच उलटले होते. आम्ही दोघे त्याच संध्याकाळीं त्या गल्लींत गेलों.

स्कूटरचे धनी एक निवृत्त कंपाउंडर निघाले. त्यांनीं आम्हांला बसविलें, पाणी दिलें, सगळें ऐकून घेतलें आणि मग बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "अहो, मीं तर पहारेकऱ्याच्या पोराला दोष दिला. अंगणांत चेंडू खेळतो म्हणून. त्याच्या बापानें त्याला मारलें."

आरशाचे व रंगाचे अठराशें रुपये मुलानें आपल्या शिकवण्यांच्या पैशांतून दिले. चौकींत जाऊन हकीकतहि लिहून दिली. तें सोपें होतें. मग कंपाउंडरसाहेब पुढें आणि आम्ही मागें, असे जिन्याखालच्या खोलीशीं गेलों. पहारेकरी गोंधळून उठून उभा राहिला. पोर नऊ-दहा वर्षांचें होतें. माझ्या मुलानें "आरसा माझ्या हातून फुटला" असें सांगितलें, तेव्हां पोरानें आमच्याकडे पाहिलेंच नाहीं. तें आपल्या बापाकडे पाहत राहिलें. कंपाउंडरसाहेबांनीं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोहि त्यानें हळूच बाजूला केला.

घरीं परततांना किल्ली मीं मुलाच्याच हातीं दिली. डावीकडे मी बसलों होतों. गल्ली अरुंद होती, दोन्ही कडांना वाहनें उभीं होतीं, आणि तोंडापर्यंत आलेलें "सांभाळ" मीं तीन वेळां गिळलें.