शेंगदाण्याचें सुतक

वाशीम जिल्ह्यांत उन्हाळी भुईमुगाची पेरणी होते ती साधारण जानेवारीच्या उत्तरार्धांत. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो शेतकरी दाणा मातींत टाकतो आणि मे-जूनमध्यें झाड उपटलें कीं शेंगांचे घोस वर येतात. पुढें कांहीं दाणे घाण्यांत, कांहीं कढईंत, कांहीं खलबत्त्यांत. त्यांचें सुतक पाळण्याचें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. अमेरिकेंत मात्र याच दिवसांत, २२ जानेवारी २०२० रोजीं, एका शेंगेच्या निधनाची रीतसर वार्ता प्रसिद्ध झाली.

दिवंगताचें नांव मिस्टर पीनट, वय १०४, व्यवसाय प्लँटर्स कंपनीचे खारे दाणे खपविण्याचा. १९१६ सालीं व्हर्जिनियांतील सफोक येथील अँटोनिओ जेन्टिली या शाळकरी मुलानें कंपनीच्या स्पर्धेसाठीं हातपाय फुटलेल्या शेंगेचें चित्र काढलें आणि पांच डॉलर मिळविले. पुढें दुसऱ्या चित्रकारानें त्या शेंगेला उंच टोपी, काठी आणि एका डोळ्यापुरती भिंगाची काच दिली. माल शेतांतला, ऐट मात्र सरदाराची!

मृत्यूहि ऐटीचाच. शेंगेच्या आकाराची मोटार कड्यावरून कोसळते, तिघे एका फांदीला लोंबकळतात आणि फांदीला तिघांचा भार पेलत नाहीं. तेव्हां हे वृद्ध गृहस्थ वेस्ली स्नाइप्स व मॅट वॉल्श या दोन नटांचे प्राण वाचविण्यासाठीं आपण होऊन हात सोडतात. इतर कंपन्यांनींहि गंभीर मुद्रेनें दुखवटे धाडले. अंत्यविधि २ फेब्रुवारीस, सुपर बोल या फुटबॉलच्या सामन्यांत दाखवावयाचा ठरला. तेथें अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला लक्षावधि डॉलर पडतात. इतकें महाग स्मशान राजेरजवाड्यांनाहि लाभलें नसेल.

येथवर हंसण्यास हरकत नव्हती. पण २६ जानेवारीस बास्केटबॉलचा विख्यात खेळाडू कोबी ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण हेलिकॉप्टरच्या अपघातांत मरण पावले. ज्या घरांत खरें रडें चाललें होतें तेथें कड्यावरून पडणाऱ्या शेंगेची गंमत पाहवेना. कंपनीनें प्रचार आवरता घेतला.

तरी ठरल्या दिवशीं अंत्यविधि दाखविला गेलाच. इतर जाहिरातींतले पुतळे शोकाला जमले, सरबताच्या हंसऱ्या सुरईचा एक अश्रु मातींत पडला आणि तेथून अंकुर फुटून बाळशेंग जन्मली. मातींत गेलेला दाणा उगवतो, एवढें शेतकीचें ज्ञान त्यांत खरें होतें. बाळ मात्र त्याच वर्षाच्या ऑगस्टांत एकवीस वर्षांचें झालें. एवढी घाई भुईमुगाच्या कोणत्याहि सुधारलेल्या वाणानें केलेली नाहीं.

मुंबईच्या फलकांवर वाढलेल्या अमूल लोण्याच्या मुलीची गोष्ट याच्या उलट आहे. १९६६ सालीं ती जितक्या वयाची होती तितक्याच वयाची, त्याच ठिपक्यांच्या झग्यांत, ती आजहि आहे. थोरामोठ्यांच्या निधनानंतर फलकावरून श्रद्धांजलि वाहण्याचें काम तिच्याकडे असतें. मग तिच्या स्वतःच्या घरीं सुतक आलें. तिला रेखाटणारे युस्टेस फर्नांडिस २०१० सालीं गेले, अमूलचे वर्गीस कुरियन २०१२ सालीं, आणि तिची कल्पना काढणारे सिल्व्हेस्टर डाकुन्हा २०२३ सालीं. खप वाढावा म्हणून या पोरीला कड्यावरून ढकलण्याचें त्यांपैकीं कोणास सुचलें नाहीं. फलक बदलत राहिले. लोण्याची गोडी तिच्या जिभेवर तशीच आहे.