शिल्लक पैसा आणि रिकामी जागा

मी ओतूरहून बोलतेय, बचत गटांचं काम बघते. आज मी हॉकीबद्दल बोलणार आहे. हसू नका आणि रेडिओ बंद करू नका, भाकरी थापता थापता ऐका. हॉकीवरून मी गटाच्या कर्जावर येणार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये रांचीला मुलींची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा भरली. पुरुषांची कधीच सुरू झाली होती, मुलींची मात्र तेव्हा. चार संघ होते. २६ जानेवारीला अंतिम सामना झाला, ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा यांच्यात. ओडिशानं तो २-१ असा जिंकला. ओडिशाचे दोन्ही गोल मारले ते आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळनं. दुसरा गोल तर सामना संपायला चार मिनिटं उरलेली असताना. त्याच जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळकेही भारताकडून खेळते. शेतकऱ्यांच्या गावांतून मुली तिथवर जातायत, हे एकदा मोठ्यानं सांगावंसं वाटलं.

आता पैशाचं. या लीगमध्ये खेळाडू लिलावातून घेतात. लिलाव म्हटलं की आपल्याला ओतूरच्या बाजारातला कांदा आठवतो. माणसांसाठी हा शब्द मला काही बरा वाटत नाही, पण तिथं तोच वापरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत हा लिलाव झाला. मुलींच्या प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला मर्यादा होती २ कोटी रुपये. मालक कितीही श्रीमंत असो, त्यापुढं एक रुपया नाही. आणि तेवढ्यात खेळाडू घ्यायच्या चोवीस. त्यात किमान सोळा भारतीय, त्यातही चार ज्युनिअर मुली, आणि आठ परदेशी. खेळाडूची बोली सुरू व्हायची ती २, ५ किंवा १० लाखांपासून.

दोन कोटी भागिले चोवीस, प्रत्येकीला साधारण ८ लाख ३३ हजार. सगळ्यांना सारखं वाटलं तर हिशेब सोपा आणि भांडण नाही. पण तसं कोणी केलं नाही. ओडिशानं यिबी यान्सन या एका डच मुलीवर २९ लाख लावले. पेनल्टी कॉर्नर मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही आणि पॅरिस ऑलिंपिकमधलं सुवर्णपदक तिच्याकडं आहे. बंगालच्या संघानं उदितावर ३२ लाख लावले. ती बचावात खेळते. म्हणजे सगळ्यात महागडी भारतीय मुलगी ही गोल अडवणाऱ्या फळीतली होती, हे मला फार आवडलं. तरी बंगाल अंतिम सामन्यापर्यंत पोचला नाही. त्यावरून उदिता महाग पडली असं म्हणू नका. एकीवर सामना जिंकता येत नाही, एवढंच. हॉकीत तर मैदानावर अकरा जणी असतात आणि बाकीच्या सारख्या आत-बाहेर करत राहतात. दम लागला की बाहेर, ताजी मुलगी आत. बाकावरची पोरगी कच्ची असली की शेवटच्या दहा मिनिटांत ते उघडं पडतं.

म्हणून एका मोठ्या खेळाडूवर पैसा लावला की लगेच पाटी-पेन्सिल घ्यावी लागते. समजा तुमच्याकडं ६० लाख उरलेत आणि दहा जागा रिकाम्या आहेत. बाकीच्या नऊ जागा अगदी सगळ्यात कमी बोलीत भरल्या तरी दोन-दोन लाख म्हणजे १८ लाख बाजूला ठेवायलाच हवेत. म्हणजे पुढच्या मुलीवर जास्तीत जास्त ४२ लाख. त्याच्या वर हात वर केला तर संघच पुरा होत नाही. आणि उलटंही आहे. शेवटी पैसे उरले आणि गोलरक्षकाची जागा लंगडी राहिली, तर ते उरलेले पैसे काही गोल अडवायला येत नाहीत.

उरलेल्या पैशाचं आणखी स्पष्ट उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. मुलींच्या प्रीमियर लीगमध्ये गुजरातचा संघ २०२३ ला शेवटचा आणि २०२४ लाही शेवटचा. डिसेंबर २०२४ च्या छोट्या लिलावात त्यांच्याकडं ४ कोटी ४० लाख शिल्लक आणि जागा फक्त चार. सगळ्यात जास्त पैसा त्यांच्याच हातात. परदेशी फलंदाज त्यांच्याकडं आधीच चांगल्या होत्या, बेथ मूनी काय, ॲशली गार्डनर काय. पण मैदानात परदेशी मुली मोजक्याच उतरवता येतात. उणीव होती ती मधल्या फळीत जोरात मारणाऱ्या भारतीय मुलीची. मग त्यांनी धारावीच्या सिमरन शेखवर १ कोटी ९० लाख लावले, तिची मूळ बोली १० लाख होती. वेस्ट इंडिजच्या डिआंड्रा डॉटिनवर १ कोटी ७० लाख. उरलेल्या दोघींना मिळून ४० लाख. चारी जागा भरल्या आणि तरी ४० लाख उरले, ते त्यांनी तसेच ठेवले. पुढच्या हंगामात गुजरात तिसरा आला, पहिल्यांदाच बाद फेरीत पोचला. हे सगळं नव्या मुलींमुळं झालं असं म्हटलं तर खोटं होईल, गार्डनर कर्णधार होती आणि तीही चांगली खेळली. पण पैसा कुठं लावायचा ते जागा बघून ठरलं होतं.

आता आपल्याकडं या. आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट, नाव सांगत नाही. दहा जणी, मसाला आणि कुरडया करतात. बँकेनं दीड लाखाची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली. ९० हजार उचलले, ६० हजार शिल्लक. बैठकीत एक जण म्हणाली, मंजूर आहेत ना, मग उचला आणि सहा-सहा हजार वाटून घ्या. सगळ्यांच्या माना हलल्या.

मैत्रिणींनो, इथं एक फरक नीट समजून घ्या. मर्यादा म्हणजे आपला पैसा नव्हे. दोन कोटी ही हॉकी संघाला मिळालेली भेट नव्हती, तेवढ्यापर्यंत खर्च करायची मुभा होती. तसंच हे ६० हजार. उचलले नाहीत तर त्यावर व्याज नाही. उचलले की दुसऱ्या दिवसापासून व्याज, आणि एकीनं थकवलं तर दहा जणींचं नाव खराब. सहा हजार घरात गेले की किराण्यात, पाहुण्यांत कधी विरघळतात कळत नाही.

दुसरी बाई म्हणाली, मग आणखी एक कांडप यंत्र घेऊ, मोठं. मी विचारलं, आहे ते दिवसाला किती तास चालतं? चार तास. मग माल अडतो कुठं? सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातली एक जाऊबाई बोलली. एरवी ती तोंड उघडत नाही. म्हणाली, अडतो माझ्यापाशी. पिशव्या ती एकटी मेणबत्तीवर चिकटवते, आणि आळेफाट्याचा दुकानदार पिशवीवर अन्न सुरक्षा नोंदणीचा नंबर नाही म्हणून माल ठेवून घेत नाही. त्या नोंदणीची फी छोट्या उद्योगाला वर्षाला १०० रुपये आहे. शंभर! पिशव्या बंद करायचं हाताचं यंत्रही काही हजारांतच येतं. यांचा संघ गोलरक्षकावाचून खेळत होता आणि चर्चा चालली होती आणखी एक स्ट्रायकर आणायची.

दोन तास वाद झाला. शेवटी यंत्र, छापील पिशव्या आणि नोंदणी एवढ्यापुरतीच उचल करायची ठरली. बाकीची मर्यादा तशीच ठेवली, श्रावणात कपर्दिकेश्वराच्या यात्रेआधी मिरची घ्यायला लागेल म्हणून.

वाटून घ्या म्हणणारी बाई मात्र चिडली. माझे सहा हजार तुम्ही खाल्ले, असं तोंडावर म्हणाली. बैठक संपल्यावर मी तिच्याबरोबर चालत गेले. तिच्या मुलीच्या बारावीच्या क्लासची फी भरायची होती. ती लाजेनं बैठकीत सांगत नव्हती, म्हणून सगळ्यांच्या नावानं मागत होती. पुढच्या आठवड्यात गटाच्या बचतीतून तिला अंतर्गत कर्ज दिलं, तिच्या एकटीच्या नावावर, दहा हप्त्यांत. अजून ती माझ्याशी जरा तुटकच बोलते.

तर या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणा. मर्यादा किती, उचल किती, आणि तुमचं काम नेमकं कुणापाशी अडतं. तिसऱ्या गोष्टीसाठी गटात जी सगळ्यात कमी बोलते तिला आधी विचारा.