गिटारच्या पोटातली बॅटरी

ॲक्टिव्ह पिकअप असलेल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारमध्ये 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी दडलेली असते. तिच्या जागी रिचार्जेबल बसवायची, तर आधी सेल मोजावेत. निकेल-मेटल हायड्राइडचा एक सेल 1.2 व्होल्ट देतो. सात सेलचे 8.4 व्होल्ट होतात, सहाचे जेमतेम 7.2, बाजारात दोन्ही विकल्या जातात त्या 9 व्होल्टच्या नावानेच.

व्होल्टेज कमी पडले, की जोरात छेडलेल्या तारेचा आवाज फाटतो. म्हणून सात सेलवालीच घ्यावी.

लिथियमच्या काही बॅटऱ्यांत व्होल्टेज बदलणारे सर्किट असते. त्याची बारीक शिट्टी थेट ॲम्प्लिफायरमधून ऐकू येऊ शकते.

आणि वाजवून झाल्यावर केबल काढायलाच हवी! गिटारच्या जॅकमध्ये प्लग असेपर्यंत आतले सर्किट चालू राहते, ॲम्प्लिफायर बंद केला तरीही.