चंचल बालक आणि आपण

(सुवर्णमहोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. बालमानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही एक चूक आपणांसमोर कबूल करावी, म्हणून उभा आहे.

माझा मुलगा लहानपणी अत्यंत चंचल होता. पाठशाळेत स्थिर बसणे नाही, वह्या हरवलेल्या, प्रश्न संपण्याआधीच उत्तर! मी त्यास आळशी, व्रात्य म्हटले. प्रसंगी छडीही उगारली. दहावीनंतर त्याने शिक्षणच सोडले. पुढे नातवात तीच लक्षणे दिसली, तेव्हा सूनबाईंनी आग्रहाने त्यास तज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, "याचे वडील लहानपणी कसे होते?" मी निरुत्तर झालो.

या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता, अर्थात ए.डी.एच.डी., म्हणतात. लंडनमध्ये १९०२ साली डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. हा मेंदूच्या विकासातील फरक असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. संस्कार कमी पडल्याने तो उद्भवत नाही. मात्र प्रत्येक खेळकर मूल असे नसते. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी असावी लागतात. मुलींमध्ये पुष्कळदा दंगा नसतो, केवळ हरवलेपण असते. म्हणून त्या नजरेतून सुटतात.

एका वेळी एकच सूचना, कामाचे लहान भाग, ठरलेली दिनचर्या, तत्काळ कौतुक, शिक्षकांशी संवाद आणि गरज भासल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, हे उपाय आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शासकीय, अनुदानित शाळांतील मुलांच्या तपासणीत या अवस्थेचाही समावेश आहे. तेथे विचारण्यात कमीपणा मानू नये.

नातू आता पाठशाळेत रमतो. गुरुजी त्यास मधूनमधून वह्या वाटण्याचे काम देतात. थोडे हिंडून तो पुन्हा धड्याकडे वळतो.

दुकानात मी मोजल्यावाचून कापडास कात्री लावत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र न मोजताच निर्णय दिला. गेल्या क्षमावाणीच्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. त्याने वाकून नमस्कार केला. पण मला २५ वर्षे उशीर झाला होता. आपणांस तो होऊ नये, एवढीच विनंती.