घरातील हवा आणि शुद्धीकरण यंत्र



घरातील हवा शुद्ध करणारी यंत्रे आता तालुक्याच्या गावीही विक्रीस दिसू लागली आहेत. असे यंत्र घ्यावे काय, घेतल्यास कोणते, असा प्रश्न शिक्षक व पंचायत सदस्य विचारतात. त्याचे उत्तर यंत्रापेक्षा खोलीवर अधिक अवलंबून आहे, असे मला वाटते.

यंत्रातील पंखा खोलीतील हवा ओढून घेतो व बारीक तंतूंच्या घडीदार गाळणीतून बाहेर सोडतो. 'हेपा' या नावाने ओळखली जाणारी उत्तम प्रतीची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. धूर, धूळ व परागकण यांवर तिचा उपयोग निश्चित आहे. वायूंवर मात्र नाही. सक्रिय कोळशाची गाळणी वास व काही वायू शोषून घेते, परंतु कार्बन मोनॉक्साइड वायू तीही अडवीत नाही.

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्याकडे अनेक घरी बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, ओवा-बाळंतशेपांची धुरी देतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो प्राण घेऊ शकतो. अशा खोलीत यंत्र लावल्यास धूर विरळ होईल, यंत्रावरील हिरवा दिवाही लागेल. कारण तो दिवा बहुधा केवळ कणांचेच मोजमाप दाखवितो. विषारी वायू तसाच राहील. तेथे शेगडी बाहेर काढणे व खिडकी उघडणे हाच उपाय होय.

चुलीची गोष्ट निराळी नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅस पुष्कळ घरी पोहोचला. तरी सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक ठिकाणी आंघोळीचे पाणी अद्याप पऱ्हाट्या-तुराट्यांवरच तापते. शिवाय कौलारू घरात भिंत व छप्पर यांमध्ये फट असते. यंत्र हवा गाळीत राहील आणि बाहेरची हवा आत येत राहील! त्या पैशात धुराडे बसवावे, सिलिंडर भरावा. डासांच्या कॉइलविषयीही हेच म्हणता येईल. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. मच्छरदाणी त्याहून बरी.

मग यंत्र घ्यावे कोणी? रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या, घरात दम्याचा रुग्ण अथवा वृद्ध माणूस असलेल्या आणि खिडक्या नीट बंद होणाऱ्या घरांनी. घेताना वेष्टनावरील 'सी.ए.डी.आर.' हा आकडा पाहावा. यंत्र तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देते, ते त्यावरून कळते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासातून पाच वेळा गाळली जावी, म्हणजे किमान १७० चा आकडा हवा. हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून वेग कमी केला की तो घटतो. म्हणून थोडे मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत. तो वायू स्वतःच फुप्फुसांना अपायकारक आहे.

गाळणी बदलण्याचा खर्च खरेदीपूर्वीच विचारावा. विक्रेते तो आपण होऊन क्वचितच सांगतात. बाहेरची जाळी धुता येते, हेपा गाळणी सहसा धुऊ नये. पाण्याने तिचे तंतू बिघडतात.

यंत्र वर्षभर चालविण्याचीही गरज नाही. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सुचविली. पावसाळ्यात हवा बहुधा पुष्कळ स्वच्छ असते, तेव्हा खिडक्या उघडाव्यात. हिवाळ्यात धूर जमिनीलगत साचून राहतो आणि उसाचे पाचटही त्याच सुमारास पेटविले जाते. त्या दिवसांत निजायच्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर ठेवून, दार लावून यंत्र चालवावे.