आधी लिहा, मग दाखवा
(आरमोरी येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी पेटंटची वकिली करतो. हा मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचा विषय, असं तुम्हाला वाटेल. पण यातली मोठी गोष्ट इथेच, वैनगंगेपलीकडे घडली. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि एचएमटी तांदूळ दिला. नाव घड्याळावरून पडलं. पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ वाण आणलं. तेव्हा दादाजींकडे मालकीचा कागद नव्हता. २०१८ मध्ये ते हलाखीतच गेले.

आपल्याकडे बियाण्याला पेटंट मिळत नाही. वाणांसाठीचा वेगळा कायदा २००१ मध्ये आला, दादाजींना उशिरा. आज मात्र शेतकरी आपलं वाण फी न भरता नोंदवू शकतो.

यंत्राचं वेगळं. धान कापायचं नवं अवजार तुम्ही बनवलंत, तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं पेटंट मिळू शकतं. पण अर्जाआधीच व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात, तर तोच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो; कारण मग ते ‘नवं’ राहत नाही.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. तीच सवय आपल्या कल्पनेलाही लावा. वही ठेवा, तारीख टाका, साक्षीदारांच्या सह्या घ्या. वही म्हणजे हक्क नव्हे, अर्ज करावाच लागतो. पण कोर्टात उभं राहिल्यावर वकिलाच्या हाती शेवटी कागदच असतो.